नवा लॅपटॉप घेण्याआधी जुना उघडून बघा

(बेंबळी येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर झालेल्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



तिळगूळ झाला, वाण लुटून झालं. आता अर्धा तास मला द्या. चहा येतोय, तोवर बोलून घेते.

मागच्या बैठकीत एका ताईंचा कर्जमागणीचा अर्ज आला होता. रक्कम ६५,००० रुपये, कारण लिहिलं होतं, "फोटो एडिटिंगसाठी नवीन लॅपटॉप". त्यावर काय बोलणं झालं ते इथं बसलेल्यांना आठवत असेल. एक मावशी म्हणाल्या, "त्याच्यापेक्षा शेळ्या घे की गं. लॅपटॉपला काय पिल्लं होतात का?" सगळ्या हसल्या. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. पण ज्यांचा अर्ज होता त्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

नंतर अध्यक्षताई मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा द्यावं का नाही." आता बघा, मी एमएसडब्ल्यू केलंय. त्यात लॅपटॉप उघडायला शिकवत नाहीत. तरी मी तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणाले नाही, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी मी असंच पटकन सांगितलं होतं आणि ते एका ताईंना महागात पडलं. आधी तेच सांगते, म्हणजे माझं बाकीचं किती ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्या ताई दुसऱ्या गावच्या. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे थोडेफार फोटो, असं त्यांचं दुकान. लॅपटॉप फार संथ झाला होता. मला म्हणाल्या, "मॅडम, काय करू?" मी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सहा-सात वर्षांचा झालाय ना, बदलून टाका." माझ्या शब्दावर त्यांनी गटातून कर्ज काढलं, ५८,००० चा नवा आणला. चैत्र-वैशाखात कामं होती, हप्ते गेले. श्रावण लागला, लग्नं थांबली, हप्ता काही थांबेना. दोन हप्ते थकले. गटाची बँकेतली कर्जमर्यादा वाढवायची फाईल नेमकी त्याच वेळी चालली होती, त्यामुळं बायका त्यांना बोलल्या. शेवटी कानातली फुलं सोनाराकडं ठेवून त्यांनी हप्ते भरले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या गटाच्या बैठकीत माझ्या कानावर आलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो जुना लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाला म्हणून त्यांनी दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाल्या पोरानं मागचं झाकण उघडलं, पंख्यातली धूळ काढली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. ३,००० च्या आत काम झालं. चालू व्हायला पाच मिनिटं लावणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला. ताईंचा फोन आला, "मॅडम, म्हातारा पळायला लागला हो!" त्यांना आनंद झाला होता. मी मात्र फोन ठेवून गाडीवर तशीच बसून राहिले. ५८,००० चं कर्ज मी सांगितलं होतं, आणि झाकण काही मी उघडायला सांगितलं नव्हतं.

म्हणून या वेळी मी आधी आपल्या फोटोवाल्या ताईंच्या घरी गेले. एकदा नाही, तीनदा. हे सगळं त्यांच्या परवानगीनं सांगतेय, फक्त "नाव घेऊ नका" म्हणाल्यात.

त्यांचं काम काय आहे ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना नीट माहीत नाही. मलाही नव्हतं. साखरपुडा, हळद, लग्न, डोहाळजेवण, बारसं. हळदीत बाई फोटो काढायला असली की बायका मोकळ्या होतात, नाचतात, पदर सावरत बसत नाहीत. त्यामुळं हळदीसाठी ताईंना लांबून बोलावणं येतं. फोटो काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं रात्री घरी, पोरं झोपल्यावर: फोटो निवडायचे, उजेड-रंग नीट करायचे, मग अल्बमची पानं जुळवायची. जाता जाता एक सांगते. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचेसुद्धा सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. आपल्या ताईंच्या अल्बमवरही शेवटच्या पानावर मालकांचंच नाव आहे. त्याचं पुन्हा कधी तरी बोलू.

तर मी त्यांच्या शेजारी घड्याळ लावून बसले. लॅपटॉप चालू होऊन हाताखाली यायला साडेसहा मिनिटं. फोटोचं सॉफ्टवेअर उघडायला अडीच मिनिटं. अल्बमचं एक पान सेव्ह करायला तीन मिनिटं, तेवढ्यात त्या उठून भांडी विसळून आल्या. एका अल्बममध्ये ३० पानं धरली तर नुसतं सेव्ह व्हायची वाट बघण्यात दीड तास. आणि एकदाच सेव्ह करून भागत नाही.

आता असं का होतं ते बघा. सोपं आहे, आपल्या स्वयंपाकघरासारखंच. लॅपटॉपमध्ये एक कोठी असते, जिथं सगळं साठवलेलं असतं. ती म्हणजे हार्ड डिस्क. एक ओटा असतो, ज्यावर आत्ता लागणारं सामान मांडतो. ती रॅम. आणि एक चूल असते, तो प्रोसेसर. ओटा लहान असला की काय होतं? परात ठेवायला डबा उचलावा लागतो, तो कोठीत ठेवून यायचा, परत आणायचा. निम्मा वेळ येण्याजाण्यात जातो. त्यात कोठी जर वाड्याच्या पार मागच्या खोलीत असेल, तर झालंच. चूल कितीही मोठी असली तरी भाकरी वेळेवर होत नाही.

ताईंचा लॅपटॉप २०१६ चा. ओटा ४ जीबीचा, त्यातली निम्मी जागा विंडोज स्वतःच अडवतं. कोठी जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरते आणि सुई तिच्यावर शोधत जाते, अशी. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधी एसएसडीसुद्धा अशा डिस्कच्या चार-पाच पट वेगानं वाचते, आणि बारीक बारीक फायली शोधण्यात तर फरक याहून मोठा असतो.

आता फोटोचं वजन. पासपोर्ट फोटो आपण ४ बाय ६ इंचाच्या कागदावर आठ बसवतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे त्या कागदात १,२०० गुणिले १,८००, साधारण २१ लाख ६० हजार ठिपके. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान असतं १२ बाय ३६ इंच. त्यात ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके. बरोबर अठरा पट! एका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. म्हणजे नुसतं एक कोरं पान ११७ एमबी. त्यावर आठ-दहा फोटो, मागं फुलांचं चित्र, नवरा-नवरीची नावं, प्रत्येकाचा वेगळा थर. अर्धा-एक जीबी कुठं गेला कळत नाही.

हे एवढं मोजून का सांगितलं? कारण ज्या ताई फक्त पासपोर्ट फोटो आणि फॉर्मचं काम करतात, त्यांना ताकदीचा लॅपटॉप लागतच नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या फॉर्मच्या वेळी किती जणींनी फोटोचं दुकान थाटलं ते आठवा. त्यातल्या दोघी-तिघी परवा मला विचारत होत्या, आम्हीपण मोठा लॅपटॉप घेऊ का म्हणून. त्यांना माझं उत्तर साफ नाही असं आहे. अल्बमचं काम वेगळं, ते जड आहे.

आपला लॅपटॉप कुठं अडतोय हे बघायला दुकानात जायची गरज नाही. तुमचं नेहमीचं काम चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे शब्द आणि पुढं टक्के दिसतात. ताईंच्या लॅपटॉपवर पान सेव्ह होताना सीपीयू ३० टक्के, मेमरी ९५ टक्के, डिस्क १०० टक्के. चूल रिकामी होती. ओटा भरून वाहत होता आणि कोठीच्या दारात गर्दी. हाच आकडा उलटा असता, म्हणजे सीपीयू सतत शंभरवर आणि बाकी निवांत, तर एसएसडी-रॅम बदलून फारसा उपयोग झाला नसता. तेव्हा ही तीन बटणं लिहून घ्या. दुकानदार "मशीन संपलंय" म्हणाला तर त्याला हे टक्के विचारा.

त्याच दिवशी मला एक आवाज ऐकू आला. बारीक, टिक टिक, मध्येच थांबणारा. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "ते महिनाभरापासून होतंय. पंखा असंल." पंखा नव्हता. हार्ड डिस्क होती.

इथं मला दोन वर्षांपूर्वीचं सांगावं लागतं. एका गावात एका स्टुडिओची अशीच डिस्क बंद पडली. त्यात एका लग्नाचे सगळे फोटो, अल्बम अजून छापायचा होता. दरम्यान नवरीची आजी वारली. घरचे तेराव्याला फ्रेम करायची म्हणून आजीचा फोटो मागायला आले. म्हातारीचा चांगला फोटो तेवढाच, नातीच्या लग्नातला, नऊवारीतला. डिस्क पुण्याला पाठवून विचारलं, तर फोटो काढून द्यायचा खर्च नव्या लॅपटॉपएवढा सांगितला, आणि मिळतीलच याची हमी नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. तुम्ही पाहिलेत ना आधारवरचे फोटो कसे असतात. मी त्या घरी गेले होते. कोणी भांडलं नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं.

त्यामुळं लॅपटॉप दुरुस्तीला द्या, विका, नवा घ्या, काहीही करा, पण त्याआधी फोटोंची दुसरी प्रत करा. तीन प्रती असाव्यात: एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरात. दुसरं घर म्हणजे बहिणीचं, जावेचं, गटातल्या मैत्रिणीचं. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर पत्र्यातून पाणी गळताना दोन्ही भिजतात. ताईंकडं दुसरी प्रत नव्हतीच. त्या रात्री आम्ही आधी ते केलं. माझ्या ऑफिसची डिस्क लावली, सगळं उतरवायला पहाटेचे तीन वाजले. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही जावा आता," पण इतक्या रात्री जाणार कुठं? तिथंच झोपले. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आले.

मग आम्ही दोघी तो लॅपटॉप घेऊन धाराशिवला गेलो. दोन दुकानांत विचारलं. एकानं न उघडताच सांगितलं, नवा घ्या, हप्ता करून देतो. दुसऱ्यानं उघडला, एक रिकामी खाच दाखवली, जिथं आणखी ८ जीबी रॅम बसते. इथं एक लक्षात ठेवा, सगळ्याच लॅपटॉपमध्ये अशी खाच नसते. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती नंतर वाढत नाही. आणि जुनी डीडीआर३ आणि नवी डीडीआर४ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून रॅम आधी विकत घेऊन जाऊ नका, लॅपटॉप घेऊन जा. त्यानं ५०० जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, साफसफाई, मजुरी धरून ९,८०० रुपये कागदावर लिहून दिले. एक वर्षापूर्वी हेच काम बरंच स्वस्तात झालं असतं. एआयच्या मोठमोठ्या संगणक केंद्रांना मेमरीचे चिप लागायला लागलेत, त्यामुळं २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव चढलेत. कुठं अमेरिका आणि कुठं आपली बेंबळी, पण फटका आपल्याला बसतोच. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बिल घ्या, वॉरंटी बिलावरच असते.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, ९,८०० मध्ये प्रश्न मिटला. तसं नाही. म्हातारा पळाला तरी म्हाताराच.

एक अडचण विंडोजची. या लॅपटॉपमध्ये विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली. नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. विंडोज ११ घालायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. २०१६ च्या मशीनमध्ये ते बसत नाही. कोणी "जुगाड करून टाकून देतो" म्हणालं तर नको म्हणा, पुढं अपडेट अडकले की परत त्याच्याच दारात. तेव्हा या लॅपटॉपवर बँकेचं, ओटीपीचं, लोकांच्या फॉर्मचं काम करायचं नाही, फक्त फोटो. नेट लागेल तेवढंच चालू ठेवायचं. आणि कुणाच्या पेनड्राईव्हमधून आणलेलं फुकटचं फोटोशॉप त्यावर घालायचं नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय आत येतं ते कळतसुद्धा नाही. जिंप नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, कायदेशीर आहे, मराठी अक्षरंही नीट येतात, "श्री" फुटत नाही. फोटोपी नेटवर ब्राउझरमध्येच चालतं आणि दिसायला फोटोशॉपसारखं आहे. सवय व्हायला पंधरा दिवस लागतात, ताईंची थोडी चिडचिड झाली, पण करतायत.

दुसरी अडचण बॅटरी. ताईंची बॅटरी वीस मिनिटं टिकते. ते चालतं, घरीच काम आहे. पण एखादीची बॅटरी फुगली असेल, खालचं झाकण वर आलं असेल, लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर त्याच दिवशी बंद करा आणि दुकानात न्या. ती पेट घेऊ शकते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, पोरांच्या हातात द्यायची नाही.

तिसरी गोष्ट पडद्याची. ताईंची तक्रार होती की लॅबमधून छापून येणारे फोटो लालसर येतात, नवरीचा चेहरा भाजल्यासारखा. खरं तर छपाई बरोबर होती, पडदाच फिका होता, म्हणून त्या रंग जास्त चढवत होत्या. एसएसडी बसवून हे सुधारत नाही. सध्या उपाय असा केलाय की लॅबनं नीट छापलेला एक फोटो शेजारी ठेवायचा आणि तोच फोटो पडद्यावर उघडून पडद्याचा उजेड जुळवायचा. पुढं नवा लॅपटॉप घेताना आयपीएस पडदा आणि "१०० टक्के एसआरजीबी" हे शब्द विचारायचे. गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या त्या ५८,००० च्या लॅपटॉपमध्ये हे नाही. मी विचारलंच नव्हतं.

आता पैशाचं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, चूक झाली तर थांबवा.

६५,००० चं कर्ज, शेकडा दोन, चोवीस महिने, शिल्लक रकमेवर व्याज. मुद्दल महिन्याला २,७०८. पहिल्या महिन्याचं व्याज १,३००. पहिला हप्ता ४,००८. चोवीस महिन्यांत व्याज १६,२५०, एकूण ८१,२५० फेडायचे. आता ताईंची वही बघा. आपल्या पंचसूत्रीत नियमित लेखे आहेत ना, ताईंनी ते दुकानालाही लावलंय, म्हणून हे सांगता येतंय. गेल्या हंगामात नऊ लग्नं, प्रत्येकी तीस पानं, म्हणजे २७० पानं. त्यातली १०० त्यांनी स्वतः केली. लॅपटॉप साथ देईना म्हणून उरलेली १७० पानं शहरातल्या डिझायनरकडून करून घेतली, पानाला ७० रुपये देऊन. ११,९०० रुपये बाहेर गेले.

मावशी, बघा, ही लॅपटॉपची पिल्लं. ती होत होती, पण दुसऱ्याच्या दावणीला.

हे ११,९०० वाचवायला ९,८०० ची दुरुस्ती केली तर एका हंगामात पैसे फिटतात. ८१,२५० घातले तर एवढ्याच कामावर सात हंगाम लागतील, आणि लॅपटॉप सात वर्षांत परत म्हातारा. लग्नं नवाची पंधरा-वीस झाली तर हिशेब बदलेल, तेव्हा नवा घेणं चूक नाही. आज नाहीत.

शिवाय यंदा पंचांग बघा. अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात आपल्याकडं लग्नं धरत नाहीत. म्हणजे ऐन मोसमातला महिना गेला. पुढं जुलैच्या शेवटी आषाढी, मग चातुर्मास, तुळशीच्या लग्नापर्यंत सामसूम. त्या महिन्यांत ताईंकडं झेरॉक्स-पासपोर्ट मिळून साडेतीन-चार हजार येतात, आणि हप्ता चार हजाराचा. खाणार काय? गेल्या वर्षीच्या ताईंचं नेमकं हेच झालं होतं, आणि मी त्यांना पंचांगाचं विचारलं नव्हतं.

म्हणून ताईंनी जुना अर्ज मागं घेऊन नवा दिलाय. १०,००० रुपये, पाच हप्ते, फेब्रुवारी ते जून. मुद्दल २,०००, पहिल्या महिन्याला व्याज २००, सगळं मिळून व्याज ६००. मोठा भार मेच्या आधीच उतरतो. दिवाळीनंतर नव्या लॅपटॉपचा विचार करायचा, तोवर डिझायनरचे वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात. तेव्हा लागलं तर बँकेचं मुद्रा शिशु कर्ज ५०,००० पर्यंत विनातारण मिळतं, तोही रस्ता आहे. आणि आत्ता घेतलेली एसएसडी वाया जात नाही. नवा लॅपटॉप आला की ती काढून छोट्या डबीत घालायची, यूएसबीनं जोडायची. फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर.

जुने, कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, त्याचं काय, असं खालच्या गल्लीतल्या अक्कांनी विचारलं होतं. चांगले मिळतात. पण आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, नाही तर विंडोजची तीच गत. रॅम वाढते का विचारा, बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्या, आणि दुकानातच अर्धा तास चालवून बघा, चार्जर काढून. मोबाईलवरची जाहिरात बघून पैसे आधी पाठवायचे नाहीत. त्यात आपल्या भागातल्या दोघी फसल्यात, तिसरी नको.

ताईंच्या अर्जावर आज गटानं निर्णय घ्यायचाय. तो मी घेणार नाही, तुम्ही घ्यायचा. मी फक्त मोजलेलं सांगितलं. आणि मागच्या बैठकीत मीही हसले होते, त्याबद्दल ताईंना सगळ्यांच्या समोर सॉरी म्हणते.

येत्या गुरुवारी तो धाराशिवचा दुरुस्तीवाला दुपारी बारा वाजता इथंच समाज मंदिरात येतोय. ताईंचा लॅपटॉप तो सगळ्यांसमोर उघडणार आहे. ज्यांच्याकडं जुना लॅपटॉप पडून आहे त्यांनी घेऊन या, उघडून बघायचे पैसे तो घेणार नाही, सामान बसवलं तरच. येण्याआधी फोटो दुसरीकडं उतरवून ठेवा, आणि पासवर्ड आठवत नसेल तर पोरांना विचारून या. चार्जर विसरू नका, मागच्या वेळी तिघी बिनचार्जरच्या आल्या होत्या.